काम करणारा बाहेर, रिकामी खुर्ची आत: एका सेशन टाइमआउटचं प्रकरण

एका संस्थेचं अंतर्गत वेब ॲप. अर्ज भरून घ्यायचे, तपासायचे, मंजूर करायचे, एवढंच काम. आणि त्याच्याबद्दल एकाच सुमारास दोन तक्रारी आल्या, एकमेकींच्या बरोब्बर उलट्या. पहिली अर्ज भरणाऱ्यांची: आम्ही मान खाली घालून टाइप करत असतो, शेवटच्या पानावर येऊन सेव्ह दाबलं की लॉगिनचं पान समोर आणि भरलेलं सगळं गायब. दुसरी सिक्युरिटी ऑडिटवाल्यांची: काउंटरवरच्या सामायिक कॉम्प्युटरवर आदल्या दिवशी घरी गेलेल्या माणसाचं लॉगिन सकाळी तसंच उघडं सापडलं, माउस हलवला तर यादी समोर, क्लिक केलं तर अर्जसुद्धा उघडला.

सेटिंग मात्र एकच होतं: सेशन, म्हणजे लॉगिननंतर सर्व्हर माणसाची जी ओळख धरून ठेवतो ती, ३० मिनिटं काही हालचाल नसेल तर संपवायची, सगळ्यांना सारखं.

मग मीटिंगमध्ये व्हायचं तेच झालं. ऑडिटवाले म्हणाले १५ करा, अर्ज भरणारे म्हणाले दोन तास करा, मॅनेजर म्हणाले बरं मग एक तास ठेवू आणि विषय संपवू. आकड्यावर भांडण सुरू झालं की खुशाल समजावं अजून कुणी लॉग, म्हणजे सर्व्हरच्या नोंदी, उघडलेले नाहीत. कारण ३० मिनिटांचं सेटिंग खरंच चालत असेल तर लॉगिन रात्रभर उघडं राहीलच कसं, आणि चालत नसेल तर अर्ज भरणारे बाहेर का फेकले जातात? मला बोलावलं ते या टप्प्यावर.

आधी काय होतं ते बघू

ॲप स्प्रिंग बूटवर (जावाचं फ्रेमवर्क), आत एम्बेडेड टॉमकॅट (ॲप चालवणारा सर्व्हर), पुढे एनजिनएक्स (रिक्वेस्ट आत पोचवणारा सर्व्हर), लॉगिन कीक्लोक नावाच्या वेगळ्या सर्व्हरमधून कारण संस्थेच्या बाकीच्या ॲपनाही तेच सिंगल साइन-ऑन, एकदा पासवर्ड टाकला की सगळीकडे आत. सेशन टॉमकॅटच्या मेमरीत. पुढची बाजू सगळी जावास्क्रिप्टची, म्हणजे एकदा पान लोड झालं की पुढे सगळं एपीआय कॉलवर, पान तेच राहतं आणि माहिती मागच्या मागे सर्व्हरकडून येते-जाते.

सुरुवातीला काही बदललं नाही, फक्त एक सेशन लिसनर लावला, जो सेशन संपताना ते कुणाचं होतं, कधी बनलं आणि शेवटचा ॲक्सेस कधीचा हे एका ओळीत लिहून ठेवतो. इथे एक बारकी गोष्ट, टॉमकॅट मुदत संपलेलं सेशन त्याच सेकंदाला साफ करत नाही, त्याचा बॅकग्राउंड थ्रेड दर १० सेकंदांनी जागा होतो आणि डिफॉल्टला दर सहाव्या फेरीत झाडू मारतो, त्यामुळे लॉगमधली वेळ मिनिटभर उशिराची दिसू शकते. त्यात काही भोक नाही, त्या मधल्या काळात रिक्वेस्ट आली तर मुदत तेव्हाच तपासली जाते, पण लॉग वाचताना हे माहीत नसेल तर उगाच भुताच्या मागे लागायला होतं.

या एका ओळीनेच तक्रारींचा ढीग वेगवेगळा झाला. काही तक्रारी मुळात सेशनच्या नव्हत्याच, मोठा रिपोर्ट काढताना एनजिनएक्स ॲपच्या उत्तराची वाट बघतो तो डिफॉल्ट ६० सेकंदांचा रीड टाइमआउट संपायचा आणि ५०४ (वेळेत उत्तर आलं नाही) हा एरर यायचा, लोक त्यालाही 'टाइमआउट झालं' म्हणूनच कळवायचे. काही तक्रारी भर कामाच्या वेळेत नवीन व्हर्जन चढवल्यामुळे, कारण सेशन मेमरीत, ॲप रीस्टार्ट झालं की सगळ्यांची सेशन्स एकदम गेली. त्या दोन्हींचा बंदोबस्त वेगळा केला, रिपोर्ट बॅकग्राउंडला टाकले, डिप्लॉयची वेळ बदलली, विषय संपला. उरला तो खरा गुंता.

गुंता कुठे होता

होम पेजवर वरच्या कोपऱ्यात नोटिफिकेशनची घंटी होती. ती दर मिनिटाला सर्व्हरला विचारायची, नवीन काही आलंय का. आणि सर्व्हरच्या दृष्टीने रिक्वेस्ट म्हणजे रिक्वेस्ट, ती माणसाने क्लिक करून पाठवली की घंटीने स्वतःहून, हे टॉमकॅटला कळायला मार्गच नाही. सेशन वाचलं गेलं, शेवटच्या ॲक्सेसची वेळ पुढे सरकली, ३० मिनिटांचं घड्याळ परत शून्यावर. म्हणजे होम पेज उघडं ठेवून माणूस घरी गेला तरी सेशन कायम जिवंत.

अर्ज भरायचं पान याच्या उलट. तिथे जागा जास्त लागते म्हणून वरची पट्टी काढून टाकलेली, पट्टी गेली तशी घंटीही गेली. आणि टाइप करताना सर्व्हरला काहीच जात नाही, सगळं ब्राउझरमध्ये. माणूस कागद बघून बघून ३५ मिनिटं अखंड टाइप करतोय आणि सर्व्हरला दिसतंय की ३५ मिनिटं चिडीचूप. टाकला बाहेर.

थोडक्यात काम करणारा बाहेर आणि रिकामी खुर्ची आत, आणि दोन्ही गोष्टी एकाच सेटिंगने, नियमाप्रमाणे, काही न बिघडता. आकडा १५ केला असता तर पहिली तक्रार दुप्पट झाली असती आणि दुसरी होती तिथेच राहिली असती.

आणि हे डेव्हलपरांना इतके दिवस का सापडलं नाही, तर त्यांच्याकडे होम पेज नेहमी दुसऱ्या टॅबमध्ये उघडं असायचं, कुकी (ब्राउझरने जपलेली सेशनची खूण) दोन्ही टॅबना एकच, त्यामुळे त्यांचा अर्ज कितीही वेळ टिकायचा. 'आमच्याकडे तर होत नाही' हे ते खरंच बोलत होते.

काउंटरच्या तक्रारीला आणखी एक पदर निघाला. समजा ॲपचं सेशन वेळेवर संपलं तरी ॲप माणसाला कीक्लोककडे पाठवतं, कीक्लोकचं स्वतःचं सेशन वेगळं, त्याची डिफॉल्ट निष्क्रिय मुदत ३० मिनिटं आणि कमाल मुदत १० तास, शिवाय त्याच ब्राउझरमध्ये त्याच साइन-ऑनवरचं दुसरं ॲप चालू असलं की ती निष्क्रिय मुदतही पुढे ढकलली जाते. मग काय होतं, तर पासवर्ड न विचारता माणूस परत आत. स्क्रीन क्षणभर लुकलुकते इतकंच. ज्यांनी फक्त ॲपमध्ये १० मिनिटं टाकून 'झालं' म्हणून फाइल बंद केली असती त्यांना हे कधीच दिसलं नसतं.

हालचाल म्हणजे नक्की काय

इथे सगळ्यात जास्त वेळ गेला आणि माझ्या मते तो जायलाच हवा होता. किती मिनिटं हा प्रश्न नंतरचा, आधी ठरवायचं की घड्याळ परत शून्यावर कशाने यायचं.

पहिला विचार सरळ होता, घंटीचा पत्ता वगळायचा. पण मग उद्या कुणीतरी दुसरं काहीतरी पोलिंग करणारं, म्हणजे घंटीसारखं सर्व्हरला सारखं विचारत राहणारं, टाकेल, यादीत घालायला विसरेल आणि सेशन परत अमर होईल, आणि गंमत म्हणजे कुणी तक्रारही करणार नाही, पुढच्या ऑडिटपर्यंत सगळे खुश. म्हणून उलटं केलं. कुठलीच रिक्वेस्ट हालचाल म्हणून मोजायची नाही, फक्त एक छोटी पिंग, म्हणजे 'माणूस इथे आहे' एवढाच निरोप, मोजायची, जी ब्राउझर खऱ्या माणसाच्या हालचालीवरच पाठवतो. यात काही बिघडलं तर लोक लवकर लॉगआउट होतील आणि दहाव्या मिनिटाला फोन येईल. जी चूक ओरडते ती परवडते.

सर्व्हरवर एक फिल्टर, सेशनमध्ये शेवटच्या पिंगची वेळ, प्रत्येक रिक्वेस्टला आधी फरक तपासायचा, मर्यादेबाहेर असेल तर सेशन रद्द, मग ती रिक्वेस्ट घंटीची का असेना. टॉमकॅटचा स्वतःचा टाइमआउट ४० मिनिटांवर ठेवला, नुसती मागची जाळी म्हणून.

पिंग कशावर जाते: की दाबणं, क्लिक, स्क्रोल, टच. माउस नुसता हलणं मुद्दाम वगळलं, टेबलाला धक्का लागला तरी कर्सर सरकतो. पिंग मिनिटाला एकच, पण त्यातही एक खोच आहे, पहिल्या हालचालीला पिंग पाठवून पुढचं मिनिट गप्प बसलं तर त्या मिनिटातली शेवटची हालचाल सर्व्हरला कळतच नाही, म्हणून मिनिट संपताना मधे काही झालं असेल तर अजून एक पिंग जाते. अर्जाचा ऑटोसेव्ह मोजत नाही, तो टायमरवर चालतो आणि टायमर म्हणजे माणूस नव्हे.

आकडे

आता आकडे, आणि इथे ऑडिटवाल्यांशी थोडं बोलावं लागलं. त्यांचे १५ कुठून आले विचारलं तर पीसीआय डीएसएसमधून, म्हणजे कार्डांच्या व्यवहारांच्या सुरक्षेच्या मानकातून. ते कलम कार्डांच्या माहितीपर्यंत पोचणाऱ्या सिस्टिमसाठी आहे, १५ मिनिटांहून जास्त निष्क्रिय राहिलं तर परत ओळख पटवायची, आणि या ॲपमध्ये कार्डाचा पैशाचा काही संबंधच नाही. निस्ट या अमेरिकी मानक संस्थेच्या २०१७ च्या ८००-६३बी मध्ये ओळख पटवण्याच्या तीन पातळ्यांपैकी मधल्या पातळीला ३० मिनिटं निष्क्रिय आणि १२ तास एकूण, वरच्या पातळीला १५ मिनिटं आणि १२ तास असं होतं. वेब सुरक्षेवर काम करणारी ओवॅस्प ही संस्था म्हणते की जास्त जोखमीच्या ॲपना साधारण २ ते ५ मिनिटं आणि कमी जोखमीच्यांना १५ ते ३० चालतात, आणि दिवसभर वापरायच्या ऑफिसच्या ॲपला एकूण मुदत ४ ते ८ तास. हे सगळे आकडे समोर ठेवले की लक्षात येतं, एकच बरोबर आकडा असा नाहीच, कोण कुठे बसतंय त्यावर आहे.

म्हणून रोलप्रमाणे वेगळं केलं. काउंटरचा रोल १० मिनिटं, स्वतःच्या लॅपटॉपवर बसणारे अधिकारी ३० मिनिटं, आणि दोघांनाही एकूण ८ तास, हालचाल असो नसो. लॉगिनच्या पानावर 'हा कॉम्प्युटर सामायिक आहे का' असा चौकोन ठेवायची सूचना आली होती, ती मी खोडली, कारण घाईतला माणूस तो चौकोन कधीच टिक करत नाही.

टेस्ट सर्व्हरवर टॉमकॅटची जाळी तपासायची म्हणून टीममधल्या एकाने स्प्रिंग बूटच्या सेशन टाइमआउटच्या सेटिंगमध्ये नुसतं १५ लिहिलं, मिनिटं समजून. तिथे एकक लिहिलं नाही तर ते सेकंद धरले जातात, आणि टॉमकॅटला मिनिटाखाली देता येत नसल्यामुळे ते एक मिनिट होतं. टेस्ट करणारे हैराण. जुन्या वेब डॉट एक्सएमएल या सेटिंगच्या फाइलमध्ये तोच आकडा मिनिटांत असतो आणि कोडमधून मॅक्स इनॲक्टिव्ह इंटरव्हल दिला तर सेकंदांत, त्यामुळे गोंधळ होणं स्वाभाविकच. सोपा नियम, आकड्यानंतर एम लिहायचाच, म्हणजे 15m.

ज्यांचं ॲप दुसऱ्या कशावर आहे त्यांच्यासाठी दोन-चार ओळी. पीएचपीमध्ये डिफॉल्ट १४४० सेकंद, पण ती कचरा साफ करायची मुदत आहे, लॉगआउटची हमी नाही, सफाई नशिबावर चालते, म्हणून वेळ स्वतः सेशनमध्ये लिहून तपासा. जॅंगोमध्ये कुकीचं वय डिफॉल्टला चक्क दोन आठवडे आणि प्रत्येक रिक्वेस्टला सेशन सेव्ह करायचं सेटिंग बंद, म्हणजे घड्याळ आपोआप पुढे सरकतच नाही. जुन्या एएसपी डॉट नेटच्या फॉर्म्स लॉगिनमध्ये सरकती मुदत अर्धा वेळ उलटल्यावरच वाढते, त्यामुळे ३० लिहिलेलं असलं तरी माणूस १५ मिनिटांनंतर कधीही बाहेर जाऊ शकतो. आणि कुकी ब्राउझर बंद केल्यावर जाईल यावर कुणी विसंबू नका, मागचे टॅब परत उघडायची सोय चालू असली की सेशन कुकीही परत येते.

ब्राउझरची बाजू

मुदत संपायच्या दोन मिनिटं आधी सूचना येते, 'चालू ठेवा' बटण दाबलं की पिंग. डब्ल्यूसीएजीच्या (अपंगांनाही वेब वापरता यावं यासाठीच्या नियमांच्या) २.२.१ मध्ये निदान २० सेकंद आणि साध्या कृतीने मुदत वाढवता यावी असं आहे, २० सेकंद मला फारच कमी वाटतात, स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला तेवढ्यात सूचना ऐकूनही होत नाही.

पहिल्या आवृत्तीत सूचनेसाठी ब्राउझरचा साधा टायमर, सेट टाइमआउट, होता आणि तो लॅपटॉपवर फसला. झाकण बंद केलं की टायमर झोपतो, उघडल्यावर उरलेली मिनिटं मोजत बसतो आणि तोवर पडद्यावर सगळी माहिती उघडी. शिवाय टॅब मागे गेला तर क्रोम ८८ पासून, पाच मिनिटं लपलेल्या टॅबचे टायमर मिनिटातून एकदाच चालतात. म्हणून टायमरवर भरवसा सोडला. पिंगच्या उत्तरात सर्व्हर किती सेकंद उरले ते सांगतो, ब्राउझर त्यावरून शेवटची वेळ लिहून ठेवतो, आणि टॅब परत समोर आला की आधी घड्याळाशी ताडून बघतो. वेळ उलटली असेल तर आधी पडदा झाकायचा, मग सर्व्हरला विचारायचं. नेट नसेल तरी झाकायचाच.

दोन टॅब असले तर एका टॅबमधलं काम दुसऱ्याला कळायला हवं, नाहीतर मागचा टॅब रडत राहतो की मी लॉगआउट होतोय. टॅबना एकमेकांना निरोप देता येणाऱ्या ब्रॉडकास्ट चॅनेलने ते सुटलं, त्यात विशेष काही नाही.

सेव्ह दाबल्यावर जे व्हायचं तेही सुधारलं. आधी सेशन गेलं की एपीआय कॉललाही ३०२ (दुसऱ्या पत्त्यावर जा) मिळायचा, ब्राउझर मुकाट्याने लॉगिनच्या पत्त्यावर जायचा, तो पत्ता दुसऱ्या डोमेनचा म्हणून अडायचा, आणि माणसाला दिसायचं नुसतं फिरणारं चक्र. आता एपीआयला सरळ ४०१ (आधी लॉगिन करा) जातो, तो आला की अधिकाऱ्यांना लॉगिनची छोटी खिडकी उघडते, मागचा अर्ज तसाच, तोच माणूस परत आला असेल तर नवीन सीएसआरएफ टोकन (रिक्वेस्ट आपल्याच पानावरून आली याची खूण) आणून सेव्ह पुन्हा पाठवायचं. हे टोकन आणायचं राहिलं तर ४०३ (परवानगी नाही) येतो, कारण जुनं टोकन जुन्या सेशनबरोबर गेलेलं असतं, आणि लोक म्हणतात लॉगिन केलं तरी सेव्ह होत नाही. काउंटरवर मात्र खिडकी नाही, पान पूर्ण रिकामं, पुढे बसणारा दुसराच कुणी असू शकतो. अर्धा अर्ज सर्व्हरवर ड्राफ्ट म्हणून त्या माणसाच्या नावाने राहतो. ड्राफ्ट ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये ठेवा असं सुचवलं गेलं होतं, सोपं पडलं असतं, पण सामायिक कॉम्प्युटरवर तो दुसऱ्याच्या हातात. शिवाय सगळ्या पानांना नो-स्टोअर, ब्राउझरने पान साठवूच नये अशी सूचना, म्हणजे बॅक दाबून कॅशमधून कुणाचा अर्ज दिसू नये.

कीक्लोकचं काय केलं? काउंटरचं सेशन संपलं की तिकडूनही पूर्ण लॉगआउट. पण झाकण बंद असेल, ब्राउझरच मारला असेल, तर तो निरोप पोचतच नाही, म्हणून दुसरी कडी घातली: काउंटरच्या रोलचा माणूस पासवर्ड न टाकता आत आला तर कीक्लोकने दिलेल्या टोकनमधली ओळख पटवल्याची वेळ बघायची, जुनी असेल तर परत पाठवून पासवर्ड मागायचा. ही तपासणी सर्व्हरवरच हवी, कीक्लोकच्या पत्त्यात प्रॉम्प्ट लॉगिन (पासवर्ड परत विचार) लिहून भागत नाही, तो पत्ता ब्राउझरमधून जातो आणि तो तुकडा कुणीही खोडू शकतो. अधिकाऱ्यांना सगळ्या ॲपमधून बाहेर काढलं नाही, एक ॲप रिकामं राहिलं म्हणून बाकीची तीन बंद करणं हा निव्वळ छळ आहे.

भिंतीवर एक मोठा स्क्रीनही होता, किती अर्ज बाकी आहेत ते दाखवणारा, तो कुणाच्या तरी अधिकाऱ्याच्या लॉगिनने कायम चालू. त्याला टाइमआउटमधून सूट द्या अशी मागणी होती. सूट दिली नाही, नुसते आकडे दाखवणारं वेगळं पान आणि त्यापलीकडे काहीच बघू न शकणारं वेगळं खातं करून दिलं.

नंतर काय झालं

अर्ज हरवल्याचे फोन थांबले आणि काउंटरवरचं लॉगिन रात्री बंद सापडू लागलं. पण एक नवीन तक्रार आली, ती अधिकाऱ्यांकडून, की जोडलेली लांबलचक पीडीएफ वाचताना सूचना येते, आम्ही तर स्क्रोल करत असतो. बरोबर होतं त्यांचं. पीडीएफ आयफ्रेममध्ये (पानातल्या स्वतंत्र चौकटीत) ब्राउझरच्याच व्ह्यूअरमध्ये उघडते आणि तिथलं स्क्रोल बाहेरच्या पानाला कळतच नाही, म्हणजे पिंग नाही. बहुतेकांना ३० मिनिटं पुरतात, ज्यांना पुरत नाहीत ते दोन मिनिटांच्या सूचनेत बटण दाबतात आणि वैतागतात. आपलाच व्ह्यूअर पानात बसवला तर स्क्रोल पकडता येईल, पीडीएफ डॉट जेएस त्यासाठी बरं आहे, पण मोठ्या स्कॅन केलेल्या फाइलवर त्याचा वेग अधिकाऱ्यांना आवडतोय का हे सध्या दोघा-तिघांना वापरायला देऊन बघणं चालू आहे. तोवर आयफ्रेमवर फोकस असला तर हालचाल धरा अशी एक सूचना आली होती, ती नको म्हटलं, कारण पीडीएफ उघडी टाकून माणूस जेवायला गेला तरी फोकस तिथेच राहतो.